कुरणावरचा पाहुणा

तिबेटी पठाराच्या ईशान्य कडेला, आम्दो या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, लांगमुसी नावाचे एक गाव असून तेथे सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलेला पाहुणा न्याहारीपूर्वीच दोन प्रांत पालथे घालून परत येतो. ही गोष्ट तो पुढे आयुष्यभर लोकांना ऐकवत असला, तरी ती घडते फार साधेपणाने. गावातून एक ओढा वाहतो. त्याच्या उत्तरेला कान्सू प्रांत आणि दक्षिणेला सिच्वान प्रांत अशी ढोबळ वाटणी असून, ओढा मात्र विजार न दुमडता ओलांडता यावा इतपतच रुंद आहे. त्याचे अधिकृत नाव ‘बायलोंग’, म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनची नदी. हे नाव वाचून आलेला पाहुणा कॅमेरा सरसावून ड्रॅगनच्या शोधात काठाकाठाने हिंडतो आणि त्याला दिसते ती पाण्यात गालिचा आपटणारी एक बाई. यात नदीचा दोष नाही. पुढे ती च्यालिंग नदीला मिळते, च्यालिंग छोंगछिंग शहरापाशी यांगत्सेला मिळते, आणि तेव्हा कुठे तिला नावाला साजेसा देह प्राप्त होतो. गावात असताना तिचे वय फारच लहान असते.

ओढ्याच्या दोन्ही अंगांना एकेक मठ आहे. सिच्वानच्या बाजूचा किर्ती मठ 1413 सालचा आणि कान्सूच्या बाजूचा सेर्त्री मठ 1748 सालचा मानला जातो. सेर्त्री म्हणजे सोन्याचे सिंहासन. दोन्ही मठ एकाच गेलुग संप्रदायाचे, प्रार्थना एकाच भाषेतल्या, तुपाच्या दिव्यांचा वासही तोच. वेगळे असते ते प्रवेशाचे तिकीट. सीमाप्रश्न म्हटला की मराठी वाचकाचे कान आपोआप टवकारतात, परंतु येथे मोर्चा नाही, ठराव नाही, की गाड्यांना काळे फासणे नाही. येथील सगळा सीमाप्रश्न तिकीटखिडकीपाशी उभा राहतो आणि तेथेच निकालात निघतो.

“हे तिकीट आहे की माझ्याकडे.”

“हे पलीकडचे.”

“पण गाव तर एकच आहे ना?”

“गाव एकच आहे. तिकिटे दोन आहेत.”

यावर वाद घालण्याइतका श्वास पाहुण्याकडे शिल्लक नसतो, आणि तो का नसतो याचा खुलासा येथेच केलेला बरा. लांगमुसीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 3,300 मीटर आहे. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली, तर वरच्या कळसूबाईच्या देवळात लांगमुसीचा बाजार भरेल. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश राहतो आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही कमी पडतो. पहिला दिवस केवळ विश्रांतीत घालवावा, असे सर्व जाणकार सांगतात आणि सर्व पाहुणे ते मान डोलावून ऐकतात. मात्र हा सल्ला आपल्यासाठी नसून शेजारच्या खोलीतल्या जोडप्यासाठी आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते.

प्रस्तुत विवेचनात ज्याचा वारंवार उल्लेख येणार आहे, तो पुण्याचा पाहुणा याच वर्गातला होता. त्याचे नाव लेखकास लहानपणापासून ठाऊक आहे, तथापि कौटुंबिक कारणांमुळे ते देता येत नाही. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला विरळ हवा काही करू शकत नाही, असे त्याचे मत होते, आणि ते त्याने गाडीतून उतरताच सहप्रवाशांना, चालकाला व मराठीचे एक अक्षरही न समजणाऱ्या एका भिक्षूला सांगून टाकले. त्यानंतर पाठीवरची पिशवी उचलून तो विश्रामगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर गेला आणि जिन्यातच बसला. पिशवीचा बंद सैल झाला होता, असे कारण त्याने दिले. बंद पुढच्या तासाभरात चार वेळा सैल झाला.

विरळ हवेची खरी गंमत रात्री कळते. अशा हवेत माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड घटतो. मेंदू श्वासाची आज्ञा देतो ती मुख्यतः या वायूचे प्रमाण पाहून, तेव्हा ते घटलेले दिसताच मेंदू निवांत होतो आणि आज्ञा द्यायची विसरतो. मग काही सेकंद पूर्ण शांतता पसरते आणि लगोलग बुडत्या माणसाने डोके वर काढावे तसा मोठा आवाज होतो. वैद्यकात याला आवर्ती श्वसन म्हणतात. झोपणाऱ्याला याचा पत्ता क्वचितच असतो. हा अनुभव शेजारी झोपणाऱ्याच्या वाट्याला येतो.

“झोपला नाहीस?”

“नाही. तू पुढचा श्वास कधी घेतोस याची वाट बघतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा दुकानातून प्राणवायूचा डबा विकत घेतो. आकाराने आणि वजनाने हा डबा झुरळे मारण्याच्या फवाऱ्याची आठवण करून देतो. त्याच्या तोंडाला बसवलेली प्लास्टिकची वाटी नाकावर धरून दांडी दाबली की सुस् असा आवाज येतो आणि काही मिनिटांत डबा रिकामा होतो. त्या मिनिटांत शरीराला काय मिळते हा वादाचा विषय असला, तरी मनाला फार मिळते. रिकामा डबाही पाहुणा टाकून देत नाही, कारण छायाचित्रात तो भरलेलाच दिसतो.

आता मूळ विषयाकडे वळायचे, तर या गावी पाहुणे येतात ते मुख्यतः ज्याला शहरात ‘आउटडोअर ॲक्टिव्हिटी’ म्हणतात त्यासाठी. या शब्दाला मराठीत नीट प्रतिशब्द सापडत नाही. मैदानी म्हटले की शाळेतला पीटीचा तास, शिट्टी आणि उन्हात उभे राहण्याची शिक्षा आठवते. ‘उघड्यावरचे उपक्रम’ म्हटले, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या घोषणा डोळ्यांपुढे येतात आणि विषयाला भलतेच वळण लागते. तिबेटी गुराख्यांची याबाबतीतली अडचण आणखी मूलभूत आहे. उंचावरच्या कुरणाला तिबेटीत ‘द्रोक’ म्हणतात आणि त्यावर याक, मेंढ्या व घोडे घेऊन राहणाऱ्यांना ‘द्रोकपा’. द्रोकपाचे जगणे मुळातच बाहेरचे असते. त्याच्या दृष्टीने उपक्रम म्हणण्याजोगे काही असेल, तर ते आत जाणे. गार वाऱ्यात दिवसभर चालावे, घोड्यावर हाडे खिळखिळी करून घ्यावीत, पावसात भिजावे आणि रात्री जमिनीवर झोपावे, यासाठी कोणी पैसे मोजते, हे प्रथम कळले तेव्हा इथल्या लोकांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, याची केवळ कल्पनाच करता येते. त्यानंतर त्यांनी शहाणपणाने दर ठरवला.

दर ठरलेल्या उपक्रमांत अश्वारोहणाचा मान पहिला. या भागातले घोडे ‘हेचू’ जातीचे, म्हणजे पीत नदी जेथे आपले पहिले मोठे वळण घेते त्या कुरणांत वाढलेले. उंचीने बेताचे, पायांनी दणकट आणि दलदलीतून वाट काढण्यात तरबेज म्हणून ते नावाजलेले आहेत. उंचीने बेताचा घोडा पाहून पाहुण्याला धीर येतो, आणि त्याच्या हातून होणारी ही पहिली चूक. दुसरी चूक खोगिराविषयी होते. परंपरेने चालत आलेले तिबेटी खोगीर लाकडी असते व त्यावर गालिचा अंथरलेला असतो. गालिच्याचे रंग फार सुंदर असतात, पण ते दिसतात ते बसण्यापूर्वी. बसल्यानंतर पाहुण्याला जाणवते ते फक्त लाकूड. रिकिबी आखूड बांधलेल्या असल्यामुळे गुडघे हनुवटीच्या दिशेने येतात, आणि पुण्याच्या पाहुण्याच्या बाबतीत ही मुद्रा शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यापेक्षा भारतीय बैठकीच्या शौचालयाशी अधिक मिळतीजुळती होती, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे.

घोड्याला स्वार कळायला किती वेळ लागतो, याचे उत्तर येथे मिळते: मुळीच वेळ लागत नाही. पाहुणा पाठीवर बसताच घोडा मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहतो, ओळख पटवतो आणि चरायला सुरुवात करतो. पाहुणा प्रथम मराठीत, मग इंग्रजीत आणि शेवटी जिभेने टाळूवर टक् टक् असा आवाज करून त्याला पुढे जाण्याची विनंती करतो. घोडा चरतच राहतो. वाटाड्या पुढून न वळताच तोंडाने एक बारीकसा आवाज काढतो, तेव्हा घोडा एकदम धावू लागतो आणि पाहुणा खोगिराच्या पुढच्या लाकडाला मिठी मारतो.

“लगाम धर ना!”

“धरला होता. तोच घेऊन पळतोय.”

कुरण लांबून गालिच्यासारखे सपाट भासते, पण तो दृष्टिभ्रम आहे. पिका नावाचा, सशाच्या दूरच्या नात्यातला, मुठीएवढा प्राणी या गवताखाली सर्वत्र बिळे करून राहतो. घोड्याला प्रत्येक बीळ माहीत असल्याने तो त्यांच्यामधून डावी-उजवी देत जातो, आणि प्रत्येक उजवीला पाहुणा डावीकडे कलतो. तशात जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे कुरण फुलांनी भरलेले असताना आणि म्हणून सगळे पाहुणे आलेले असताना, दुपारच्या सुमारास कोठूनसा एक ढग येतो व ऊन, पाऊस आणि गारा यांचा पूर्ण कार्यक्रम एका तासात आटोपून निघून जातो. पुण्याच्या पाहुण्याने अशा वेळी मोठ्या दूरदृष्टीने बरोबर आणलेला पिवळा रेनकोट पिशवीतून काढून फडकवला. पिवळे आणि फडफडणारे असे काही घोड्याने यापूर्वी पाहिले नसावे. पुढचा सव्वा किलोमीटर रेनकोट एका हातावर, टोपी गारांत आणि घोडा स्वतःच्या विचारांत, अशा अवस्थेत पार पडला. मुक्कामी पोचल्यावर उतरण्याचा प्रश्न आला, तेव्हा उजवा पाय आपल्या मालकीचा राहिलेला नाही असे पाहुण्यास आढळून आले. वाटाड्याने त्याला धान्याचे पोते उतरवतात तसे उतरवून गवतावर ठेवले, आणि त्याच हातांनी घोड्याची मान थोपटून त्याची विचारपूस केली.

तंबूत पोचण्यापूर्वी कुत्र्याची परीक्षा द्यावी लागते. तिबेटी राखणदार कुत्र्याला ‘दो-ख्यी’, म्हणजे बांधलेला कुत्रा, म्हणतात. पाहुण्याची सगळी श्रद्धा या नावातल्या पहिल्या अर्ध्यावर असते आणि त्याचा डोळा दोरीच्या लांबीवर. दोरी नेहमी अपेक्षेपेक्षा एक हात लांब निघते. तंबूत मात्र सगळे निराळे असते. याकच्या केसांपासून विणलेल्या काळ्या कापडाचा हा तंबू असतो. उन्हात त्याच्या विणीतून उजेडाचे ठिपके आत येतात आणि पावसात धागे फुगून वीण दाट होते. मध्ये चूल, चुलीत याकच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या, कारण या उंचीवरच्या कुरणात जाळायला झाड मिळत नाही. पुण्याच्या पाहुण्याने त्या गोवऱ्यांची एकतीस छायाचित्रे काढली. याच गृहस्थाने लहानपणी आजोळच्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या वर्गमित्रांना दिसू नयेत म्हणून त्यांना मागच्या दाराने घरात नेले होते, ही माहिती लेखकास पाहुण्याच्या मामेभावाकडून मिळाली आहे.

चुलीवरचा चहा खारट आणि लोणी घातलेला असतो. पाणी येथे साधारण 89 अंशांनाच उकळते, त्यामुळे तो घरच्या चहाइतका कढत नसतो. या भरवशावर पाहुणा वाडगा एका दमात रिकामा करतो, आणि येथे तिबेटी आतिथ्याचा मूळ नियम त्याला लागू होतो. रिकामा वाडगा भरायचा, हा तो नियम. नको असल्यास वाडगा भरलेलाच ठेवावा लागतो, पण संपवल्याशिवाय उठायचे नाही हे ज्याच्या अंगी पंगतीत भिनले आहे, त्याला हे सुचणे कठीण असते. सहा वाडगे झाल्यावर पुण्याच्या पाहुण्याने पोटावर हात फिरवून समाधान व्यक्त केले, त्याचा अर्थ पोट दुखते असा घेण्यात आला आणि औषध म्हणून सातवा वाडगा भरण्यात आला.

“फार छान आहे. हे याकचे दूध ना?”

या प्रश्नावर तंबूतली लहान मुलेसुद्धा हसून लोळू लागतात, कारण तिबेटीत याक हा शब्द फक्त नराला लागू पडतो आणि मादीला ‘द्री’ म्हणतात. तेव्हा पाहुण्याने विचारले ते जवळपास असे, की हे बैलाचे दूध का. त्यानंतर चाम्पा येतो. भाजलेल्या जवाचे पीठ, चहा आणि लोणी वाडग्यातच एका हाताने मळून त्याचे मुटके करतात. जवाला मराठीत सातू म्हणतात आणि सातूच्या पिठात दूध-गूळ कालवून खाल्लेल्या पिढीला चाम्पा पाहून आजीच आठवावी. पण कालवणे निराळे आणि एका हाताने वाडग्याबाहेर चिमूटभरही न सांडता मळणे निराळे. पाच वर्षांच्या पोरी हे सहज करतात. पाहुण्याने केले तेव्हा पीठ वाडग्यात कमी, स्वेटरवर जास्त आणि थोडे कुत्र्यावर होते. ते चाटून झाल्यावर कुत्रा त्याच्याशी बराच सौजन्याने वागू लागला.

सात वाडग्यांचा एक अटळ परिणाम येथे ओझरता नमूद केला पाहिजे. कुरणावर झाड नाही, झुडूप नाही, भिंत नाही. जे आहे ते क्षितिज. तिबेटी माणूस ‘चुबा’ नावाचा पायघोळ अंगरखा घालतो, त्यामुळे तो जेथे बसेल तेथे त्याची खोली तयार होते. जीन्स घातलेला पाहुणा आडोशाच्या शोधात अर्धा तास चालत राहतो, आणि तो जितका दूर जातो तितके तंबूतल्या लोकांना कुतूहल वाटून ते बाहेर येऊन त्याच्याकडे पाहू लागतात. आवर्ती श्वसनापेक्षाही या भागातला हा त्रास मोठा आहे, पण वैद्यकाने अद्याप त्याला नाव दिलेले नाही.

घोड्याचा धसका घेतलेल्यांसाठी चालण्याचा उपक्रम असतो. किर्ती मठामागे नामो नावाची घळ आहे. गावाचे तिबेटी नाव ‘ताक्त्सांग ल्हामो’. ताक्त्सांग म्हणजे वाघाची गुहा, ल्हामो म्हणजे देवी, आणि ल्हामोचे चिनी उच्चारात लांगमू होऊन त्याला मठवाचक ‘सी’ जोडले गेले. ही गुहा घळीच्या तोंडाशी दाखवतात. आत पाहुणा मोबाइलचा दिवा लावून वाघ नसल्याची खात्री करून घेतो आणि मग वाघ नसल्याबद्दल थोडा नाराज होतो. घळीत पुढे जमिनीतून झरे फुटतात आणि तोच आपल्या पांढऱ्या ड्रॅगनचा जन्म. तेथे पोचायला एकच ओढा इतक्या वेळा ओलांडावा लागतो की अखेरीस बूट कोरडे ठेवण्याची इच्छा माणूस सोडून देतो व त्यानंतर फार सुखी होतो.

मठाभोवतीची ‘कोरा’, म्हणजे प्रदक्षिणा, हा तसा उपक्रमच नव्हे; पण पाहुणे त्याला सकाळचा व्यायाम समजून सामील होतात. बौद्ध प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घालतात, अगदी मारुतीच्या देवळातल्यासारखी. हे जन्मभर ठाऊक असलेल्या माणसाने मोबाइलमधला नकाशा पाहत उलट दिशेने निघावे, हा परदेशगमनाचा परिणाम म्हणावा लागेल. उलट जाणाऱ्याला प्रत्येक फेरीत सगळे लोक दोनदोनदा समोरून भेटतात. काठी टेकत येणाऱ्या आजीबाई, जपमाळ ओढणारे म्हातारे, पाठीला लेकरू बांधलेल्या सुना असे सगळेच आपल्याकडे पाहून हसतात हे पाहून पुण्याच्या पाहुण्याला गावाच्या प्रेमळपणाचे भरते आले, आणि तो प्रत्येकाला हात जोडून “ताशी देलेक” म्हणू लागला. ताशी देलेक हे शुभेच्छेचे शब्द सर्वांना समजत असले, तरी आम्दोत एकमेकांची रोजची विचारपूस “छो देमो” अशी करतात. त्यामुळे आजीबाईंना तो दर भेटीत सणाच्या शुभेच्छा देत होता. बोन या तिबेटातल्या जुन्या धर्माचे लोक मात्र उलट प्रदक्षिणा घालतात, आणि हा गृहस्थ बोनपंथी असावा, असे एकदोघा म्हाताऱ्यांनी समजुतीने ठरवून टाकले. तिसऱ्या फेरीला एका आजीने त्याला दंडाला धरून गोल फिरवले आणि योग्य दिशेला लावून दिले. त्यानंतर ती पुढे निघून गेली आणि हा, सिंहगडवाला, तिला पुन्हा गाठू शकला नाही.

एका गोष्टीची चौकशी मात्र करू नये. मृतदेह गिधाडांना अर्पण करण्याचा संस्कार सेर्त्री मठाच्या बाजूच्या टेकडीवर होतो. तिबेटी नावाप्रमाणे ते पक्ष्यांना दिलेले दान असते. मुंबईच्या पारशी दोखम्याविषयी “किती वाजता असते?” असे विचारण्याची ज्यांची छाती होणार नाही, असे सभ्य लोकही येथे दुर्बीण घेऊन तो प्रश्न विचारतात.

गावापासून गाडीने थोड्याच अंतरावर झोईगेची पाणथळ भूमी आहे, आणि तेथील ह्वाहू, म्हणजे फुलांचे सरोवर, पाहायला गाड्या भरभरून जातात. ही जगातल्या उंचावरच्या मोठ्या पीटभूमींपैकी एक. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, स्पंजासारखा पाणी धरणारा थर. काळ्या मानेचे क्रौंच पक्षी येथे वीण करतात. पाहुण्यांसाठी फळ्यांची लांबलचक पायवाट बांधलेली असून तिच्यावरून उतरू नये अशा पाट्या लावलेल्या आहेत, आणि त्या पाटीबरोबर छायाचित्र नीट यावे म्हणून पुण्याचा पाहुणा खाली उतरला. 1935 साली माओच्या लाल सेनेने ही दलदल पायी ओलांडली, त्यात असंख्य सैनिकांनी भूक, थंडी आणि चिखल यांपुढे प्राण गमावले. पाहुण्याने गमावला तो एक बूट. तो शोधायला गेलेला दुसरा बूटही तेथेच राहिला असता, पण एका चिनी शाळकरी मुलाने छत्रीची मूठ पुढे केली.

या घटनांचे पुढे काय होते, हाही अभ्यासाचा विषय आहे. पुण्यात पोचेपर्यंत घोडा दोन वीत उंच झाला होता, कुत्र्याची दोरी तुटली होती आणि दलदल कमरेपर्यंत आली होती. यात पाहुण्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण या प्रदेशातली अतिशयोक्तीची परंपरा थोर आहे. जोसेफ रॉक हा व्हिएन्नात जन्मलेला अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ 1925 ते 1927 या काळात येथून फार लांब नसलेल्या चोनीच्या मठात तळ ठोकून होता. घडीचा रबरी टब बरोबर बाळगून रानावनात गरम पाण्याने स्नान करणारा हा माणूस आम्ने माचेन या पवित्र पर्वताच्या शोधात गेला, त्याने तो लांबून पाहिला आणि त्याची उंची 28,000 फुटांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एव्हरेस्टच्या बरोबरीची, असल्याचे 1930 साली एका नामांकित मासिकात छापून आणले. प्रत्यक्षात आम्ने माचेन 6,282 मीटर, म्हणजे सुमारे 20,600 फूट उंच आहे. शास्त्रज्ञाच्या हातून सात हजार फूट सुटत असतील, तर घोड्याच्या दोन विती म्हणजे काहीच नव्हे.

शेवटच्या दिवशी पाहुण्याला कोणताही उपक्रम उरला नव्हता आणि ओला बूट शेजारी उन्हात वाळत होता, म्हणून तो त्याच तंबूबाहेर, गवतावर, अनवाणी बसून राहिला. उतारावर दोनतीन पांढरे तंबू लागले होते. उन्हाळ्यात इथली कुटुंबे मजेसाठी असे तंबू टाकून दिवस दिवस बसतात, खातात, गातात आणि मुख्यतः बसतात. समोरच्या टेकडीवर एक जोडपे दोन काठ्या टेकीत, दर दहा पावलांवर थांबत वर चढत होते. तंबूतली म्हातारी बाहेर आली, तिने कपाळाला हात लावून टेकडीकडे बराच वेळ पाहिले आणि थोडेबहुत इंग्रजी येणाऱ्या आपल्या नातवाकरवी पाहुण्याला विचारले, की त्या दोघांचे काय हरवले आहे.

“काही नाही. वर जाऊन ते परत येतील.”

यावर तिने थोडा विचार केला. घरी जनावरे नसतील, तर माणूस असा भटकणारच, असे काहीसे ती नातवाला म्हणाली असावी, कारण त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला.

“आजी विचारते, तुमच्या घरी याक किती?”

“एकही नाही.”

“मेंढ्या?”

“नाहीत.”

“घोडा तरी?”

पाहुण्याने मान हलवली. नातवाने ते आजीला सांगितले. तिने पाहुण्याकडे, त्याच्या एका बुटाकडे, स्वेटरवरच्या वाळलेल्या पिठाकडे पाहिले, काही न बोलता तंबूत गेली आणि बाहेर येऊन त्याच्या चहात लोण्याचा लिंबाएवढा गोळा सोडला.